पुन्हा एकदा वाचणारे सभागृह : राज्यसभेच्या वाटचालीचा मागोवा

भारताच्या संसदेचे वरिष्ठ सभागृह म्हणजे राज्यसभा. ३ एप्रिल १९५२ रोजी तिची रचना झाली आणि १३ मे १९५२ रोजी पहिली बैठक भरली. तेव्हापासून हे सभागृह कधीही विसर्जित झालेले नाही. लोकसभा आल्या आणि गेल्या, सरकारे बदलली, पण दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होत राहिले, त्यांच्या जागी नवे येत राहिले आणि काम अखंड चालू राहिले. अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने या वाटचालीकडे पाहताना एका प्रश्नावर आम्ही मुख्यत्वे लक्ष दिले आहे. सरकारने आणलेले विधेयक या सभागृहाने कसे तपासले, कुठे अडवले आणि त्यातून कायद्याचे काय भले झाले? राज्यसभा सरकार पाडू शकत नाही, तिजोरीच्या किल्ल्याही तिच्या हाती नाहीत. तिच्याजवळ आहे ती सरकारला स्वतःचाच मसुदा पुन्हा वाचायला लावण्याची ताकद. पाऊणशे वर्षांचा इतिहास हेच सांगतो की इथे अडलेले विधेयक परत आले, तेव्हा बहुधा अधिक विचारपूर्वक आले.

पूर्वपीठिका : नको असलेला वारसा, हवी असलेली संस्था

१९१९ च्या कायद्याने ब्रिटिशांनी दिल्लीत ‘कौन्सिल ऑफ स्टेट’ नावाचे वरिष्ठ सभागृह आणले होते. नागपूरचे सर माणेकजी दादाभॉय यांनी त्याचे अध्यक्षपद दीर्घकाळ सांभाळले. मात्र मूठभर धनिकांनाच मताधिकार असलेले ते सभागृह जनतेचे नव्हते. त्यामुळे जुलै १९४७ मध्ये संविधान सभेत दुसऱ्या सभागृहाचा विषय निघाला तेव्हा अनेकांचे मन साशंक होते. प्रगतीच्या वाटेत खोडा घालणारी ही साम्राज्याची खूण कशाला हवी, असे काहींनी विचारले. एन. गोपालस्वामी अय्यंगार यांनी उत्तर दिले की या सभागृहाकडून आपली अपेक्षा माफक आहे. महत्त्वाच्या प्रश्नांवर इथे प्रतिष्ठेला साजेशी चर्चा व्हावी, क्षणिक आवेगातून आलेला कायदा काही काळ थांबावा आणि निवडणुकीच्या धकाधकीत न उतरणाऱ्या अनुभवी माणसांना देशकार्यात वाव मिळावा.

संविधानकर्त्यांनी मग जुन्या सभागृहाचा पाया बदलून टाकला. धनिकांच्या जागी राज्ये आली. राज्यांच्या विधानसभांतील आमदारांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या पद्धतीने सदस्य निवडायचे आणि साहित्य, विज्ञान, कला व समाजसेवा या क्षेत्रांतील बारा जणांना राष्ट्रपतींनी नामनिर्देशित करायचे, अशी रचना ठरली. धन विधेयकावर राज्यसभेने चौदा दिवसांत फक्त शिफारशी करायच्या. इतर विधेयकांवर दोन्ही सभागृहांचा अधिकार समान, आणि मतभेद मिटला नाही तर अनुच्छेद १०८ नुसार संयुक्त बैठक. घटनादुरुस्तीला मात्र संयुक्त बैठकीची पळवाट ठेवली नाही. तिथे राज्यसभेचा होकार मिळवावाच लागतो. पुढच्या अनेक मोठ्या प्रसंगांची बीजे या एका तरतुदीत होती.

१९५२ ते १९६० : पायाभरणी

सुरुवातीला सभागृहात २१६ सदस्य होते. उपराष्ट्रपती या नात्याने डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन पहिले सभापती झाले. हे सभागृह सरकार घडवत किंवा मोडत नाही म्हणून ते अनावश्यक आहे, या समजाला त्यांनी पहिल्याच अधिवेशनात उत्तर दिले. संसद जशी कायदे करते तशी ती विचारविनिमयही करते आणि फेरतपासणी करणाऱ्या सभागृहाला त्यात मोलाचे स्थान आहे, अशी त्यांची भूमिका होती. २३ ऑगस्ट १९५४ रोजी ‘राज्यसभा’ हे नाव जाहीर झाले.

पहिल्या दशकातील सर्वांत मोठे काम हिंदू कायद्याच्या सुधारणेचे. हिंदू कोड बिल अखंड स्वरूपात मंजूर होत नाही असे दिसल्यावर सरकारने त्याचे भाग पाडले आणि विवाहाचे व वारसा हक्काचे विधेयक आधी राज्यसभेत मांडले. सरकारी विधेयकाची पहिली कसून तपासणी वरिष्ठ सभागृहात व्हावी, हा पायंडा इथे पडला. कोड बिलासाठी कायदामंत्रिपद सोडणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५२ पासून अखेरपर्यंत याच सभागृहाचे सदस्य होते. १९५३ च्या आंध्र राज्य विधेयकावर त्यांनी अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा मुद्दा लावून धरला. ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’चे कर्ते डॉ. पां. वा. काणे १९५३ पासून आणि नाटककार मामा वरेरकर १९५६ पासून नामनिर्देशित सदस्य होते. स्मृतिग्रंथांचा अभ्यासक आणि त्या स्मृतींतील अन्यायाशी झुंजलेला घटनाकार, दोघेही त्या काळात एकाच छताखाली बसत होते.

दोन्ही सभागृहांच्या अधिकारांच्या सीमारेषा ठरताना थोडीफार घासाघीस झाली. नव्या घरात भांड्याला भांडे लागतेच. पण ज्येष्ठांच्या समजूतदारपणामुळे मार्ग निघाला आणि १९५४ पासून राज्यसभेचे सात सदस्य लोकलेखा समितीवर घेतले जाऊ लागले.

१९६१ ते १९७० : नियम, समित्या आणि एका मताचा अंश

हुंडाबंदी विधेयकावर दोन्ही सभागृहांचे एकमत होईना. हुंड्याची व्याख्या किती व्यापक असावी, लग्नात दिलेल्या भेटवस्तूंचे काय करावे, हा वादाचा मुद्दा होता. अखेर मे १९६१ मध्ये संसदेची पहिली संयुक्त बैठक भरली आणि कायदा झाला. लग्नातील भेटवस्तूंना हुंड्यातून वगळणारे स्पष्टीकरण कायद्यात राहिले. ते १९८४ च्या दुरुस्तीने काढून टाकावे लागले. वरिष्ठ सभागृहात ज्या प्रश्नावर काथ्याकूट झाला तो प्रश्न किती खरा होता, हे दोन दशकांनी सिद्ध झाले.

१ जुलै १९६४ पासून राज्यसभेचे स्वतःचे कार्यपद्धती नियम लागू झाले. सरकारी विधेयकाची छाननी या नियमांच्या चौकटीत चालते. मंत्री विधेयक विचारार्थ घेण्याचा प्रस्ताव मांडतात, त्या वेळी विधेयकामागील तत्त्वावर चर्चा होते. याच टप्प्यावर ते प्रवर समितीकडे किंवा दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवण्याची मागणी कोणताही सदस्य करू शकतो. लोकसभेने मंजूर केलेले विधेयकसुद्धा प्रवर समितीकडे पाठवता येते. त्यानंतर कलमवार वाचन होते, प्रत्येक कलमावर सुचवलेल्या दुरुस्त्या मताला टाकल्या जातात. आवाजी मतदानाने समाधान झाले नाही तर सदस्य मतविभागणी मागू शकतो, मग कोणी कोणत्या बाजूने कौल दिला याची नोंद कायमची राहते. सरकारने वटहुकूम काढून मग विधेयक आणले असेल, तर तो वटहुकूम नामंजूर करण्याचा ठराव मांडता येतो आणि घाई का केली याचे उत्तर मंत्र्यांना द्यावे लागते. राज्यसभेने दुरुस्ती केली की विधेयक लोकसभेकडे परत जाते.

कायदा झाला तरी काम संपत नाही. कायद्याखालचे नियम सरकारी खाती तयार करतात आणि नागरिकाला प्रत्यक्षात जाच होतो तो बऱ्याचदा या नियमांचा. ते नियम मूळ कायद्याच्या मर्यादेत आहेत का, हे पाहण्यासाठी १९६४ मध्येच राज्यसभेची दुय्यम विधिविधान समिती नेमली गेली. तिच्या कामाला वर्तमानपत्रात जागा मिळत नाही, पण सामान्य माणसाशी सर्वांत जवळचे काम तेच आहे.

दशकाच्या शेवटी सभागृहाची खरी कसोटी लागली. संस्थानिकांचे तनखे रद्द करणारे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मोठ्या बहुमताने मंजूर होऊन ५ सप्टेंबर १९७० रोजी राज्यसभेत मताला आले. बाजूने १४९, विरुद्ध ७५. दोन तृतीयांशासाठी १४९.३३ मते हवी होती. मताच्या एका अंशाने विधेयक पडले. त्या काळात उपसभापतिपदावर महाराष्ट्राचे बॅ. राजाभाऊ खोब्रागडे होते. पुढे राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढली गेली, सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, सरकार जनतेपुढे गेले आणि स्पष्ट कौल घेऊन आले. डिसेंबर १९७१ मध्ये २६ वी घटनादुरुस्ती झाली. तनखे गेलेच, पण आदेशाच्या आडवाटेने गेले नाहीत, जनादेशाच्या आणि घटनेच्या राजमार्गाने गेले.

१९७१ ते १९८० : आणीबाणी आणि तिचे निराकरण

१९७२ मध्ये सरकारी आश्वासन समिती स्थापन झाली. चर्चेच्या ओघात मंत्री जे कबूल करतात ते पुरे होते का, याचा पाठपुरावा ती करते. त्यानंतरचा आणीबाणीचा काळ सर्वच लोकशाही संस्थांना कठीण गेला. अनेक सदस्य तुरुंगात होते. अशा वेळी सभागृहात निर्भयपणे बोलणाऱ्यांमध्ये ना. ग. गोरे यांचे नाव महाराष्ट्र आदराने घेतो.

१९७७ नंतर लोकसभेत जनता पक्षाचे, तर राज्यसभेत काँग्रेसचे संख्याबळ होते. बँकिंग सेवा आयोग रद्द करणारे विधेयक राज्यसभेने फेटाळले आणि मे १९७८ मध्ये दुसरी संयुक्त बैठक भरली. या काळातील खरे संस्मरणीय काम मात्र आणीबाणीतील विकृती दूर करणाऱ्या घटनादुरुस्तीवर झाले. ऑगस्ट १९७८ मध्ये राज्यसभेने हे विधेयक संमत केले, पण त्यातील पाच कलमे गाळून. घटनेच्या काही मूलभूत बाबी बदलण्यासाठी सार्वमत घेण्याची तरतूद आणि ‘धर्मनिरपेक्ष’, ‘समाजवादी’ या शब्दांच्या व्याख्या त्यांत होत्या. लोकसभेने हे बदल स्वीकारले आणि ४४ वी घटनादुरुस्ती अस्तित्वात आली. ‘अंतर्गत अशांतता’ या सैल कारणाऐवजी ‘सशस्त्र बंड’ हेच आणीबाणीचे कारण ठरले, मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला सक्तीचा झाला, जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही निलंबित करता येणार नाही असे ठरले. ज्यांच्या राजवटीत आणीबाणी आली आणि ज्यांनी ती भोगली, त्या दोघांच्या संमतीने हे घडले. दोन सभागृहांत दोन बहुमते असण्याचा एवढा मोठा लाभ देशाला क्वचितच झाला असेल.

१९८१ ते १९९० : पंचायतराजाचा पहिला नकार

या दशकात प्रतिभाताई पाटील यांनी १९८६ ते १९८८ या काळात उपसभापतिपद भूषवले. १९८८ मध्ये लोकसभेने मंजूर केलेल्या बदनामी विधेयकाविरुद्ध देशभरातील पत्रकार रस्त्यावर उतरले. दोन सभागृहांच्या मधला अवकाश अशा वेळी उपयोगी पडतो. राज्यसभेच्या विचारार्थ येण्यापूर्वीच सरकारने ते विधेयक सोडून दिले.

१३ ऑक्टोबर १९८९ रोजी पंचायतराज आणि नगरपालिकांविषयीची ६४ वी व ६५ वी घटनादुरुस्ती विधेयके राज्यसभेत आवश्यक बहुमताअभावी पडली. स्थानिक स्वराज्याला घटनेत स्थान द्यावे याबद्दल फारसा वाद नव्हता. राज्यांना बाजूला सारून केंद्र थेट गावापर्यंत पोहोचू पाहते आहे, असा राज्यांच्या प्रतिनिधींचा आक्षेप होता. राज्यांच्या सभागृहाने राज्यांची बाजू मांडावी हे त्याच्या नावाला साजेसेच होते.

१९९१ ते २००० : समित्यांचे युग

पंचायतराजाची तीच कल्पना १९९१ मध्ये नव्या विधेयकांतून आली, संयुक्त समितीकडे गेली, राज्यांना अधिक मोकळीक देऊन डिसेंबर १९९२ मध्ये दोन्ही सभागृहांत संमत झाली. आज ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती म्हणून आपण ती ओळखतो. महाराष्ट्रातील हजारो सरपंच भगिनी आणि नगरसेविका ज्या आरक्षणामुळे पुढे आल्या, त्याचा पाया या दुरुस्त्यांत आहे. तीन वर्षांचा विलंब झाला हे खरे, पण त्यातून सर्वांनी आपले मानलेले विधान हाती आले.

३१ मार्च १९९३ रोजी विभागीय स्थायी समित्यांचे उद्घाटन झाले. आधी सतरा समित्या होत्या, २००४ मध्ये त्या चोवीस झाल्या. त्यांपैकी आठ राज्यसभेच्या सभापतींच्या अखत्यारीत येतात. प्रत्येक समितीत एकतीस सदस्य, त्यांतले दहा राज्यसभेचे. समितीच्या खोलीत कॅमेरे नसतात. सदस्य पक्षाच्या बाकावरून बोलत नाहीत, खात्याच्या सचिवांना समोर बसवून कलमागून कलम विचारतात. समिती जाहिरात देऊन जनतेकडून निवेदने मागवते, तज्ज्ञांची, कामगार संघटनांची, उद्योगांची साक्ष घेते. नागरिकाला कायदा होण्याआधी आपले म्हणणे मांडता येते ते इथेच.

याच काळात, मार्च १९९५ मध्ये लोकसभेने संमत केलेले पेटंट दुरुस्ती विधेयक राज्यसभेने प्रवर समितीकडे पाठवले आणि लोकसभा विसर्जित झाल्याने ते व्यपगत झाले. औषधांच्या किमतींची चिंता त्या चर्चेच्या मुळाशी होती. १९९७ मध्ये राज्यसभेने सदस्यांच्या आचरणासाठी नीतिमत्ता समिती नेमली. तिचे पहिले अध्यक्ष होते शंकरराव चव्हाण.

२००१ ते २०१० : नकाराचा अधिकार, पुढाकाराचा मान

२१ मार्च २००२ रोजी दहशतवाद प्रतिबंधक विधेयक, म्हणजेच पोटा, राज्यसभेने ९८ विरुद्ध ११३ मतांनी फेटाळले. पाच दिवसांनी तिसरी आणि आतापर्यंतची शेवटची संयुक्त बैठक झाली आणि ४२५ विरुद्ध २९६ मतांनी कायदा झाला. संख्येच्या बळावर संयुक्त बैठकीत लोकसभेचे पारडे जड राहते. तरीही नागरी स्वातंत्र्याविषयीचे आक्षेप देशापुढे नोंदवले गेले आणि २००४ मध्ये तो कायदा संसदेनेच रद्द केला.

२००३ मध्ये राज्यसभेच्या निवडणुकीतील अधिवासाची अट गेली आणि खुले मतदान आले. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हा बदल वैध ठरवला. महिला आरक्षण विधेयक २००८ मध्ये जाणीवपूर्वक राज्यसभेतच मांडले गेले, कारण या सभागृहात मांडलेले आणि इथेच प्रलंबित असलेले विधेयक लोकसभा विसर्जित झाली तरी जिवंत राहते. ९ मार्च २०१० रोजी ते १८६ विरुद्ध १ अशा मतांनी संमत झाले. लोकसभेत ते तेव्हा पुढे सरकले नाही, पण देशाच्या कार्यक्रमपत्रिकेवर त्याचे स्थान पक्के झाले.

२०११ ते २०२० : प्रवर समित्यांचे दशक

विधेयक सुधारून घेण्याच्या कामाचा हा सर्वांत भरीव कालखंड. लोकपाल विधेयक लोकसभेने डिसेंबर २०११ मध्ये संमत केले. राज्यसभेत २९ डिसेंबरला मध्यरात्रीपर्यंत चर्चा झाली. राज्यांतील लोकायुक्तांची रचना केंद्राने ठरवावी का, हा कळीचा प्रश्न होता. महाराष्ट्राने १९७१ मध्येच स्वतःचा लोकायुक्त कायदा केलेला असल्याने हा मुद्दा आपल्याला सहज समजेल. मे २०१२ मध्ये विधेयक प्रवर समितीकडे गेले. लोकायुक्ताचा कायदा राज्यांनी स्वतः, एका वर्षात करावा असा मार्ग निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये दोन्ही सभागृहांनी सुधारित विधेयक संमत केले.

२०१५ मध्ये भूसंपादन दुरुस्ती विधेयकाला राज्यसभेत बहुमत मिळण्याची चिन्हे नव्हती. ते संयुक्त समितीकडे गेले, वटहुकूम ३१ ऑगस्टला संपुष्टात आला आणि शेतकऱ्याच्या संमतीची अट घालणारा २०१३ चा कायदा कायम राहिला. त्याच वर्षी वस्तू व सेवा कराची घटनादुरुस्ती प्रवर समितीने तपासली. ३ ऑगस्ट २०१६ रोजी राज्यसभेने ती २०३ विरुद्ध शून्य मतांनी संमत केली, तोवर आंतरराज्य व्यवहारांवरचा एक टक्का जादा कर वगळला गेला होता आणि राज्यांना पाच वर्षे भरपाई देणे केंद्रावर बंधनकारक झाले होते. जकात गमावणाऱ्या मुंबईसारख्या शहरांच्या दृष्टीने भरपाईची हमी फार मोलाची होती. घर खरेदीदारांना संरक्षण देणारे स्थावर संपदा विधेयकही राज्यसभेत मांडले गेले आणि प्रवर समितीच्या तपासणीनंतर मार्च २०१६ मध्ये संमत झाले. ग्राहकांच्या पैशांपैकी सत्तर टक्के रक्कम प्रकल्पासाठी वेगळ्या खात्यात ठेवण्याची अट त्यात आहे. महारेरा हे महाराष्ट्राचे नियामक प्राधिकरण याच कायद्याखाली काम करते. मोटार वाहन दुरुस्ती विधेयक डॉ. विनय सहस्रबुद्धे यांच्या अध्यक्षतेखालील प्रवर समितीने पाहिले.

धन विधेयकाच्या बाबतीत सभागृहाच्या मर्यादाही या दशकात दिसल्या. मार्च २०१६ मध्ये आधार विधेयकावर राज्यसभेने पाच दुरुस्त्यांची शिफारस केली. लोकसभेने त्याच दिवशी त्या नाकारल्या. खासगी संस्थांना आधार वापरू देणारे ५७ वे कलम गाळावे, ही त्यांतली एक. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगी वापराची तीच तरतूद रद्द केली.

सरोगसी विधेयक हे या सभागृहाच्या कामाचे उत्तम उदाहरण आहे. लोकसभेने ऑगस्ट २०१९ मध्ये ते संमत केले, राज्यसभेने नोव्हेंबरमध्ये प्रवर समितीकडे दिले. मूल धारण करणारी स्त्री जवळची नातेवाईकच असावी ही अट काढावी, पाच वर्षे वाट पाहण्याची सक्ती नको, विधवा आणि घटस्फोटित स्त्रियांनाही संधी मिळावी, त्या मातेचा विमा सोळाऐवजी छत्तीस महिन्यांचा असावा, असे समितीने सुचवले. हे बदल स्वीकारून डिसेंबर २०२१ मध्ये कायदा संमत झाला. कुणाच्या तरी घरातील दुःखाची जाण कायद्याच्या भाषेत उतरली ती समितीच्या टेबलावर.

२०१८ पासून आठव्या अनुसूचीतील सर्व बावीस भाषांत बोलण्याची आणि दुभाष्यांची सोय झाली. तेव्हा कोकणीलाही तो मान मिळाला. २०१९ च्या हिवाळ्यात सभागृहाचे २५० वे अधिवेशन भरले. कोविडच्या साथीच्या काळात सदस्यांना लोकसभेच्या दालनात आणि सज्जांमध्ये बसवून कामकाज झाले. सप्टेंबर २०२० मधील कृषी विधेयकांची चर्चा वादळी ठरली. ते कायदे पुढे संसदेनेच मागे घेतले.

२०२१ पासून पुढे : नवी वास्तू, जुने कर्तव्य

१९ सप्टेंबर २०२३ रोजी नव्या संसद भवनात राज्यसभेची पहिली बैठक झाली. दोनच दिवसांनी महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती २१४ विरुद्ध शून्य मतांनी संमत झाली. २०१० मधील मंजुरीचे वर्तुळ इथे पूर्ण झाले. आज सभागृहात २४५ जागा आहेत. त्यांत महाराष्ट्राच्या एकोणीस आणि गोव्याची एक.

हा इतिहास एकट्यादुकट्याचा नाही. सभापती आणि उपसभापती, सत्ताधारी व विरोधी बाकांवरचे सदस्य, रात्री जागून दुरुस्त्यांचे मसुदे करणारे, समित्यांचे अहवाल लिहिणारे सचिवालयाचे कर्मचारी, लघुलेखक, दुभाषे, ग्रंथपाल, दारावरचे मार्शल, आणि समितीच्या जाहिरातीला उत्तर म्हणून हाताने लिहिलेले निवेदन पाठवणारे अनाम नागरिक, या सर्वांनी मिळून हे काम उभे केले आहे. त्या सर्वांचे आम्ही कृतज्ञतापूर्वक स्मरण करतो.

शतकमहोत्सवापर्यंतच्या पंचवीस वर्षांकडून आमची अपेक्षा स्पष्ट आहे. महत्त्वाचे प्रत्येक विधेयक समितीकडे जावे, त्यावर बोलायला राज्यांना पुरेसा वेळ मिळावा, आणि मतविभागणी मागणाऱ्या एकट्या सदस्यालाही ती मिळावी. पंचायतराज, लोकपाल, वस्तू व सेवा कर आणि सरोगसी यांच्या कहाण्या सांगतात की असा दिलेला वेळ वाया जात नाही. तो वेळ कायद्यात मुरतो आणि नागरिकाच्या पदरी पडतो.